पोलादपूर मार्गे सिडनी

एस.टी.तून निवृत्त झालेल्या माणसाला गाडी लागते. खिशात लिंबू ठेवावं लागतं त्या अर्थाने नव्हे. समोर गाडी उभी नसली की त्याला चैन पडत नाही, या अर्थाने. मी बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. त्यातली बरीचशी पोलादपूरच्या स्थानकात गेली, उरलेली महाडला. पोलादपूर ही काय चीज आहे ते मुंबई-गोवा रस्त्याने रात्रीचा प्रवास केलेल्या माणसाला सांगायला नको. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरकडे चढतो, दुसरा कशेडी घाट ओलांडून खेडला उतरतो. या गावात कुणी येत नाही. सगळे जाता जाता थांबतात. दहा मिनिटांत चहा-वडा उरकून जे जातात ते पुढच्या गणपतीपर्यंत दिसत नाहीत. अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाला जगाचा इतिहासही थांब्यांवरूनच दिसायला लागतो. बाबर कुठून निघाला नि कुठे पोचला ते इतिहासकारांनी बघावं. वाटेत त्याच्या घोड्यांना पाणी कुणी पाजलं, ही माझी शंका.

तर सांगायचं ते असं, की गेल्या पावसाळ्यात मी इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनहून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीपर्यंत विमान नेलं. महाडच्या घराच्या माळ्यावर बसून, लुंगीवर.

आमचा नातू लोणेऱ्याला इंजिनियरिंग शिकतो. त्याने संगणकावर विमान चालवण्याचा खेळ आणला. खेळ म्हणायचं आपलं. आत सगळी पृथ्वी भरलेली असते. "आबा, कुठलंही विमान घ्या, कुठंही न्या," तो म्हणाला. असं स्वातंत्र्य मिळालं की माणूस प्रथम आपल्याच घरावरून चक्कर मारतो. आम्हीही मारली. सावित्री दिसली, गांधारपाल्याची लेणी दिसली, आमच्या पत्र्यावर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद दिसला. दोन दिवसांत मला कंटाळा आला. वेळापत्रक नाही, थांबे नाहीत, उतारू नाहीत, मग ती कसली गाडी? तसं मी बोलून दाखवल्यावर त्याने कुठून तरी १९३८ सालचं इंपीरियल एअरवेज या इंग्रजी कंपनीचं वेळापत्रक छापून माझ्या हातात ठेवलं. ते मी पोथीसारखं वाचलं. एकेक नाव वाचताना अंगावर काटा येत होता. मार्सेय, रोम, ब्रिंदिसी, अथेन्स, अलेक्झांड्रिया, तिबेरियास, हब्बानिया, बसरा, बहारीन, दुबई, कराची… आणि हे सगळं पाण्यावरून!

कारण हे विमान म्हणजे उडती बोट होती. पाण्यातून उठायची, पाण्यातच उतरायची. शॉर्ट ब्रदर्स या कारखान्याने ती बांधली. कंपनीने तर नमुन्याचं पहिलं विमान उडण्याचीही वाट न बघता नुसत्या आराखड्यावर अठ्ठावीस बोटी मागवल्या. चार इंजिनं, अठरा टन वजन, आणि उतारू फार तर चोवीस! आमच्या लाल गाडीत एवढे तर नुसते दांड्याला लोंबकळतात. वरच्या मजल्यावर वैमानिक आणि टपाल, खाली उतारू. विडी-सिगारेट ओढायला वेगळी खोली, आणि एका खोलीत चक्क उभं राहून, कठड्यावर कोपरं टेकून खिडकीतून खालची पृथ्वी बघायची सोय. ताशी वेग अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. बोटींची नावं सगळी इंग्रजी 'सी' अक्षराने सुरू होणारी: कॅनोपस, कॅलिडोनिया, केंब्रिया, सेंच्युरियन. आमच्या पंचांगाप्रमाणे पाहिलं तर काहींची रास मिथुन आणि सेंच्युरियनची कुंभ. कुंभ म्हणजे पाण्याचा घडा. ही सेंच्युरियन १९३९ च्या जूनमध्ये कलकत्त्याला उतरताना हुगळीत उलटली. सुदैवाने माणसं वाचली, घडा मात्र बुडाला.

आणि एवढा थाट उतारूंसाठी नव्हताच. तो होता पत्रांसाठी. साम्राज्यातलं साधं पत्र जादा आकार न घेता विमानाने न्यायचं, अशी योजना इंग्रज सरकारने काढली आणि १९३८ च्या सुमारास ती आपल्यापर्यंत पोचली. बोटीत दीड टन टपाल, आणि उरलेल्या जागेत माणसं. मला हे फार ओळखीचं वाटलं. टपालाची थैली चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही म्हणून मी कित्येक सकाळी उतारूंच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

मी नातवाला अट घातली. प्रवास करायचा तर खरा करायचा. यंत्रात वेळ पुढे पळवायचं बटण आहे, त्याला हात लावायचा नाही. त्या बोटी सहसा दिवसाच उडत आणि रात्री उतारूंना किनाऱ्यावरच्या हॉटेलात झोपवत. तेव्हा आपणही रात्री झोपायचं. साउथहॅम्प्टन ते सिडनी नऊ-दहा दिवस, तर आपलेही तितकेच दिवस. बोटीचा नमुना कुणा परदेशी हौशी माणसाने घरबसल्या तयार केलेला होता, त्याची घड्याळं नि काटे अगदी मूळच्यासारखे. मी पुठ्ठ्यावर लाल रंगाने 'साउथहॅम्प्टन – सिडनी, मार्गे कराची, कलकत्ता' असा बोर्ड रंगवून पडद्यावर लटकवला. शेजारचे निवृत्त मास्तर बघायला आले, त्यांनी चष्मा सावरून त्याखाली खडूने लिहिलं, 'पोलादपूर मार्गे'. म्हणाले, "तुमची कुठली गाडी पोलादपूर चुकवून गेल्याचं मला आठवत नाही."

घरात एकच विरोधी पक्ष होता. आमची ही.

तिचं म्हणणं मी थट्टेवारी नेऊ शकत नाही. २२ जुलै २०२१ ला महाडात जो पूर आला, त्यात आमच्या तळमजल्यावर पंख्याच्या पात्यापर्यंत पाणी होतं. आम्ही दोघं या माळ्यावर रात्रभर बसलो होतो, मेणबत्ती विझू नये म्हणून आळीपाळीने हात धरून. पाणी उतरल्यावर तिच्या लग्नातल्या शालूची घडी उघडली तर आतून चिखल निघाला. तेव्हापासून तिला पाण्याचं नाव नको. टीव्हीवर धबधबा लागला तरी ती उठून जाते. "एवढी मोठी जमीन पडली आहे," ती म्हणाली, "ती सोडून पाण्यात कशाला उतरायचं म्हणते मी? पाणी घरात आलं तेवढं पुरलं नाही का?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इतिहासातलं होतं, आणि इतिहासातलं उत्तर बायकोला देऊन उपयोग नसतो. १९३८ साली अठरा टनांचं धूड झेलील अशी पक्की धावपट्टी जगात जागोजागी कुठे होती? पाणी मात्र सगळीकडे होतं, आणि ते बांधायला खर्च नव्हता. धावपट्टीला खडी लागते, रोलर लागतो, कंत्राटदार लागतो. कंत्राटदाराशिवाय तयार झालेला रस्ता म्हणजे पाणी. कोकणाने हे इंग्रजांच्या आधी ओळखलं होतं. महाड हे काही उगाच बाजारपेठेचं गाव झालं नाही; बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने माल वर यायचा. अठराव्या शतकात इंग्रजांनी बाणकोटचा किल्ला घेऊन त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं, ते काय तिथल्या आंब्यांसाठी?

कराचीपर्यंतचा प्रवास मी भरभर सांगतो. भूमध्य समुद्र चांगला वागला. तिबेरियासला आम्ही त्या गालिलच्या सरोवरात उतरलो ज्याच्यावरून येशू चालत गेले असं बायबलात आहे. आमची बोट त्या मानाने फारच पाणी उडवत गेली. उतरल्यावर नातू ब्रेक शोधायला लागला. उडत्या बोटीला ब्रेक नसतो. इंजिनं मंद करायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि तरंगत तरंगत पाण्यातल्या पिंपाशी जायचं. मग पुढच्या झडपेतून एक खलाशी आकड्याने दोर पकडतो. दाराशी उभं राहून "अजून घ्या, अजून घ्या" म्हणणाऱ्या आमच्या कंडक्टरचा तो थोरला भाऊ.

दुबईला मात्र थोडं थांबायला हवं. तेव्हाचं दुबई म्हणजे खाडीकाठचं मोती काढणाऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं लहान गाव. बोट त्या खाडीत उतरायची. व्यवहारात आपला रुपया चालायचा. आज आमच्या महाडच्या खाडीपट्ट्यात एक घर दाखवा की ज्यातला कुणी तिकडे गेलेला नाही. खाडीतल्या त्या थांब्याचं पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. सगळ्याच थांब्यांचं नशीब असं नसतं.

कराचीला कोरंगीच्या खाडीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवसाचं पान उघडलं. तिथे माझ्यातला मराठी माणूस दुखावला. कराचीहून बोट सरळ पूर्वेला जाते: राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. मुंबई नाही! एवढं नैसर्गिक बंदर, एवढी शेठमंडळी, आणि मुंबईला चक्क बायपास! मुंबईची थैली कराचीलाच उतरायची आणि तिथून टाटांच्या छोट्या विमानाने खाली यायची. ती सोय १९३२ सालची. १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा स्वतः पुस मॉथ नावाचं एका इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, आणि दुपारी टपाल जुहूला पोचलं. हाच प्रवास त्यांनी १९६२ मध्ये पुन्हा केला, आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, आणखी एकदा. तेव्हा जुनी फेरी पुन्हा मारणं हा पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी बोलावं. आमच्या मास्तरांना मी हे ऐकवलं. मास्तर म्हणाले, "पण त्यांनी लुंगी नेसली नव्हती."

मुंबईने उडत्या बोटी पाहिल्याच नव्हत्या असं मात्र नाही. १९२७ च्या ऑक्टोबरात इंग्रजी हवाई दलाच्या चार उडत्या बोटी इंग्लंडहून निघाल्या आणि कराची, मुंबई, कोचीन, कलकत्ता, रंगून करत १९२८ च्या फेब्रुवारीअखेर सिंगापूरला पोचल्या. मुंबईहून खाली जाताना त्यांनी आमच्या बाणकोटच्या तोंडावरूनच वाट काढली असणार. हे साल वाचून मी घटकाभर गप्प बसलो. कारण त्याच वर्षी, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव तीन वर्षांपूर्वीच केलेला, आणि तरी त्या ओंजळीसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. पुढे खटला चालला, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. म्हणजे साउथहॅम्प्टनची बोट साम्राज्यातल्या कुठल्याही तळ्यावर सवारी उतरवू शकत होती, आणि महाडचा माणूस महाडच्या तळ्यावर उतरू शकत नव्हता. माझं घर त्या तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. खेळातल्या उपग्रहाच्या चित्रात तळं हिरव्या नाण्याएवढं दिसतं. आमच्या घरावरून फेरी मारताना त्याच्यावर बोट उतरवायची कल्पना नातवाच्या डोक्यात आली होती. मी म्हटलं, तिथे नाही.

कराची ते राजसमंद पावणेसातशे किलोमीटर, अडीच तासांची मजल. खाली नुसती वाळू. ही मजल सरतासरता अरवलीच्या डोंगरावर आली आणि आमच्या घरची वीज गेली. माळ्यावर अंधार. बॅटरीच्या खोक्यावर सात मिनिटं मिळतात. सहाव्या मिनिटाला वीज आली तेव्हा बोट ढगात होती आणि मी, नातू आणि मास्तर तिघेही श्वास धरून. मास्तर तर चप्पल घालून तयार होते. अरवलीत पडल्यावर त्यांना घरी चालत जायचं होतं की काय कोण जाणे.

आणि मग राजसमंद दिसला. मेवाडचे महाराणा राजसिंह यांनी दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १६६२ मध्ये या तलावाचा पाया घातला आणि १६७६ मध्ये तो पुरा झाला. म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तेव्हा इथे शेवटचे दगड बसत होते. पाळीवरच्या संगमरवरी घाटावर पंचवीस शिळांत 'राजप्रशस्ती' नावाचं आख्खं संस्कृत महाकाव्य कोरलं आहे, कवी रणछोड भट्ट. आता गंमत बघा. त्याच काळात इकडे शिवाजीमहाराजांवर संस्कृतात 'शिवभारत' लिहिणारे कवींद्र परमानंद. आणि त्यांची समाधी कुठे? तर आमच्या पोलादपुरात! स्थानकावर ड्यूटी करताना मी कितीक उतारूंना सांगितलं असेल, गाडीला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात समाधी बघून या. गेले किती, तर एका हाताची बोटं उरतील. राजसमंदला उतरलेल्या साहेबांपैकी किती जणांनी त्या पंचवीस शिळा पाहिल्या असतील याचा अंदाज मला त्यावरून आला. पेट्रोल भरेपर्यंत साहेब चहा पीत असणार.

उतरताना अडचण आली ती पाण्याची नव्हे, वाऱ्याची. वारा नव्हताच, आणि तलाव आरशासारखा झाला होता. उडत्या बोटीच्या वैमानिकाला लाटांपेक्षा असं निपचित पाणी घाबरवतं. आभाळ खाली दिसतं आणि पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. उठतानाही तसंच, गुळगुळीत पाणी बोटीचं बूड सोडत नाही. म्हणून त्या काळी प्रत्येक थांब्यावर मोटारलाँच असायची. ती आधी ओंडके, कचरा, होड्या बाजूला करायची, आणि पाणी फारच शांत असलं तर गोल गोल फिरून ते ढवळायची. आमच्या यंत्रात लाँच नव्हती. नातवाने एक बटण दाबलं आणि तलावावर वारा सुटला. बटण दाबून वारा! असं एक बटण मला आंबेनळी घाटातल्या धुक्यासाठी द्यायला हवं होतं.

या सगळ्यात ही कधी येऊन मागे उभी राहिली ते कळलं नाही. पदराने हात पुसत ती पडद्याकडे बघत होती. "हे कुणी बांधलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. "दुष्काळात?" "दुष्काळात." "म्हणजे पाणी नव्हतं म्हणून," ती म्हणाली आणि खाली गेली. थोड्या वेळाने चहा वर आला. तीन कप. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात चहाच्या कपांची संख्या वाचायला मी शिकलो आहे.

ग्वाल्हेरला शिंद्यांच्या मुलखात तळ्यावर उतरताना वेळापत्रकावरचा माझा राग थोडा निवळला. मुंबई नाही तर नाही, मराठी माणसाच्या पाण्याला तरी बोट लागली. अलाहाबादला यमुनेवर, संध्याकाळी कलकत्त्याला. पुढे ब्रह्मदेश, सयाम. सिंगापूरला इंग्रज वैमानिक उतरून ऑस्ट्रेलियन चढायचे, म्हणून तिथे मी खुर्ची नातवाला दिली. हद्द बदलली की चालक बदलतो, हे आमच्याकडेही आहे.

हा सगळा मार्ग पुरता दोन वर्षंही सलग चालला नाही. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्र बंद झाला. मग बोटी आफ्रिकेतल्या डरबनहून वर कैरो आणि तिथून कराची-कलकत्ता करत नालाच्या आकाराने सिडनीला जाऊ लागल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि नालाचाही एक पाय तुटला. युद्धाने आणखी एक केलं. ज्या पक्क्या धावपट्ट्या कुणाला परवडत नव्हत्या त्या सैन्याने गावोगाव घालून ठेवल्या. मग पाणी कशाला? १९५० च्या नोव्हेंबरात इंग्रजी कंपनीने शेवटच्या उडत्या बोटी मोडीत काढल्या. राजसमंदला पुन्हा कुणी साहेब चहाला उतरला नाही.

हे मला जरा जास्तच लागलं याचं कारण कशेडी. आता डोंगरातून बोगदा झाला आहे. चांगलाच झाला, त्या घाटात किती गाड्या बंद पडल्या नि किती रात्री लोकांनी कठड्यावर बसून काढल्या त्याचा हिशेब माझ्या जुन्या वह्यांत आहे. पण चौपदरी रस्त्यावरून पोलादपूर आता डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात निघून जातं. वडेवाला मला परवा विचारत होता, "कंट्रोलरसाहेब, गाड्या थांबायला काय करावं?" मी त्याला राजसमंदची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण तिथे वडा होता का?"

सिडनीला दहाव्या दिवशी संध्याकाळी रोज बे नावाच्या खाडीत पोचलो. लॉगशीट भरली. मास्तरांनी पेढे वाटले. नातवाने यंत्र बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात ही म्हणाली, "थांब रे. बाणकोटला जाते का ही बोट?"

हिचं माहेर खाडीवरचं. लहानपणी ती वडिलांबरोबर लाँचने दासगावापर्यंत यायची. मी सांगितलं की हा थांबा वेळापत्रकात नाही, १९३८ मध्ये कंपनीने मुंबईच घेतली नव्हती तर बाणकोट कुठून घेणार. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. वेळापत्रकात नसलेल्या गाडीला आमच्याकडे एक शब्द आहे, जादा गाडी. गणपतीत सोडतात, शिमग्यात सोडतात. मी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'मुंबई – दासगाव, मार्गे बाणकोट. जादा.'

किनाऱ्याकिनाऱ्याने खाली आलो. हरिहरेश्वराचा डोंगर, पलीकडे वेळास, मध्ये खाडीचं तोंड. नातवाने बोट खाली घेतली, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि टेकड्या. सावित्रीचं पाणी रुंद, तपकिरी. हिने खुर्ची पुढे ओढली.

"भरती आहे की ओहोटी?" तिने विचारलं.

"यात ते नसतं, आजी," नातू म्हणाला.

"भरतीच धर," ती म्हणाली, "नाहीतर दासगावला बोट गाळात रुतेल."